वल्हेवाली अहो म्हणत नाही

माझी बायको एका जपानी कार्टूनमधल्या मारामारी करणाऱ्या मुलीचा आवाज होती. असं सांगितलं की लोक आधी हसतात. मग कोणतं कार्टून ते विचारतात, आणि मी वल्हेवालीचं नाव घेतलं की तिशी-पस्तिशीतली माणसं एकदम शाळेत जातात. काहींनी तर तिच्या तेराव्याला येऊन मला विचारलं, काका, खरंच त्या काकूच होत्या का?

खरंच तीच होती. तिला जाऊन आता वर्ष होत आलं.

मी लिफ्टचा मेकॅनिक. ती टेलिफोन ऑफिसात चौकशीच्या खिडकीमागे बसायची, म्हणजे खिडकी नव्हतीच, नुसता फोन. दिवसभर लोकांना नंबर सांगायचे आणि "कृपया थांबा" म्हणायचं. त्या ऑफिसची लिफ्ट सारखी बंद पडायची, म्हणून मी सारखा जायचो. पहिल्या भेटीतच ती म्हणाली होती, "काय रे, आज तरी चालणार का, की परत जिन्यानेच?" ते "रे" शेवटपर्यंत राहिलं. लोकांसमोर मात्र ती मला "अहो" म्हणायची. पाहुणे आले की अहो, पाहुण्यांच्या मागे दार लावलं की अरे. आमच्या मुलीला लहानपणी वाटायचं की बाबांची दोन नावं आहेत.

कार्टूनचं काम तिला फोनवरच मिळालं. एका स्टुडिओचा फोन बिघडला होता. तिथला आवाज टेपवर घेणारा माणूस तक्रार करायला फोन करून करून वैतागला आणि शेवटी भांडायला म्हणून बोलत राहिला, बोलता बोलता तिचा आवाज ऐकून भांडण विसरला. ती त्याला टेपदादा म्हणायची. त्या नात्याने तो मला भावोजी म्हणू लागला. जपानी कार्टून आपल्या भाषेत करायचं होतं आणि एक मुलगी हवी होती जी लाडात बोलणार नाही.

वल्हेवाली ही नदीवर होडी चालवणाऱ्या माणसाची मुलगी. हातात लोखंडी वल्हं. तिचं जपानी नाव लांबलचक होतं, आमच्या घरात कुणाला ते धड म्हणता यायचं नाही. हिरोचे केस साळिंदरासारखे, म्हणून तो काटेरी. पहिल्या भागांमध्ये काटेरी सगळ्यांना हरवत नदीपर्यंत येतो आणि तिथे वल्हेवाली कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून त्याला धुऊन काढते. त्याला सरळ हरवणारी ती एकटीच.

त्या दिवसांत घरात नुसती धमाल होती. ही घरी सराव करायची. मार खाल्ल्यावर काय ओरडायचं, मारताना कसा श्वास सोडायचा, सगळं. कागदावर लिहिलेलं असायचं "आई गं". ती म्हणाली, लोखंडी वल्हं उचलणारी बाई आई गं म्हणत बसेल का? मग तिने आमचं लोखंडी कपाट ढकलून पाहिलं. ढकलताना छातीतून जो आवाज निघाला तो तिला पटला. तोच पक्का करायला ती कपाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नेऊ लागली, आणि मी खुर्चीवर बसून गुण द्यायचो. एकदा वरच्या मजल्यावरच्या मावशी खाली आल्या. आत येईनात, दारातूनच मला खालून वर न्याहाळलं आणि हिला म्हणाल्या, काही त्रास असेल तर मोकळेपणाने सांग. हिने सांगितलं, मावशी, मीच मारतेय. मावशींनी मग माझ्याकडे पाहिलं ते फार वेगळ्या नजरेने.

आमच्या मुलीचे, ठकीचे, तेव्हा दुधाचे दात पडत होते. वल्हेवाली टीव्हीवर ओरडली की ती वळून स्वयंपाकघराकडे बघायची, आई तिथेच आहे ना याची खात्री करायला.

मग तो लोखंड्या आला.

लोखंड्या म्हणजे नवा खलनायक, अंगभर चिलखत. तो किती ताकदवान आहे हे दाखवायचं होतं. त्यासाठी त्याने कुणाला तरी एका फटक्यात पाडायला हवं, आणि पडणारा असा हवा ज्याची ताकद लोकांनी आधी पाहिली आहे. काटेरीला पाडता येत नाही, तो हिरो. मग वल्हेवाली पडली. एका फटक्यात. वल्हं मोडलं. ही त्या दिवशी घरी येऊन चप्पल न काढताच बसली आणि म्हणाली, "मला वजनाचं माप केलं रे. तराजूत टाकलं, त्याचं वजन कळलं, मला बाजूला ठेवलं."

मी म्हटलं, उठेल की पुढच्या भागात. ती उठली, पण काठावर. त्यानंतर मारामारी पुरुषांची आणि वल्हेवाली काठावर उभी राहून काटेरीला हाका मारणार. ही स्टुडिओतून आली की मी विचारायचो, आज काय बोललीस? ती म्हणायची, हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणायची, आज मोठा बदल, आज घाबरून हाका मारल्या.

काचेमागे उभं राहून चित्राच्या ओठांना शब्द जुळवायचे तर चित्र पुन्हा पुन्हा बघावं लागतं. त्यामुळे आम्हाला घरी बसून जे दिसत नव्हतं ते तिला दिसायचं. "काटेरी पडला की त्याला रक्त येतं," ती एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "मी पडले की माझा सदरा फाटतो." मी पुढचा भाग नीट पाहिला. तसंच होतं.

पुढे त्या कार्टूनचा गेम आला. ठकी गल्लीतल्या दुकानात जाऊन खेळायची आणि हट्टाने वल्हेवालीच घ्यायची. गेममध्ये प्रत्येकाच्या ताकदीची एक पट्टी असायची. काटेरीची पट्टी पडद्याच्या टोकापर्यंत, वल्हेवालीची निम्मी. चपळाई मात्र भरपूर दिलेली. ठकी हरून यायची आणि आईवर चिडायची, जसं काही पट्टी आईनेच कापली होती. कधी तरी जिंकायची. जिंकल्यावर काटेरी मूठ वर करायचा, लोखंड्या गर्जना करायचा. वल्हेवाली गालावर हात ठेवून लाजायची. ही ते बघायला मुद्दाम ठकीबरोबर दुकानात गेली होती. परत येताना म्हणाली, "आपल्या घरी कपाट हलवून झाल्यावर मी लाजते का रे?"

मी म्हटलं, तू तर पाणी मागतेस. तेही आणून दे म्हणून.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे लिहितोय ती वेगळी आहे.

जपानीवरून आपल्या भाषेत लिहून देणारे एक गुरुजी होते. निवृत्त शिक्षक, भाषा चोख, माणूस सज्जन. गोष्टीत काटेरी लोखंड्याकडून मार खाऊन नदीकाठी पडतो आणि वल्हेवाली त्याला उठवते असा प्रसंग होता. तोवर त्यांचं लग्न ठरलेलं. गुरुजींनी लिहिलं, "अहो, उठा हो. तुम्ही असे पडून राहिलात तर आम्ही कुणाकडे पाहायचं?" आणि तिथून पुढे शेवटच्या भागापर्यंत वल्हेवालीच्या तोंडी सगळीकडे अहो-जाहो.

ही म्हणाली, गुरुजी, हिने त्याला पाण्यात बुडवून काढलंय, ही त्याला अहो कशी म्हणेल? शिवाय चित्रात तिचं तोंड एकदाच उघडतं. "ऊठ" एवढंच बसतं त्यात. गुरुजी म्हणाले, तोंडाचं जमवू, बाकीचं ती पाठमोरी असताना बोलेल. पण आता ती त्याची होणारी बायको आहे. मग त्यांनी तिला विचारलं, "तुम्ही काय तुमच्या मिस्टरांना अरे-तुरे करता?"

काचेपलीकडे सगळे ऐकत होते. ही म्हणाली, "करते."

"चारचौघांत?"

"चारचौघांत नाही. घरी."

"मग झालं तर," गुरुजी म्हणाले. "टीव्ही म्हणजे चारचौघंच की."

घरी येऊन तिने मला हे सगळं सांगितलं आणि उत्तर शोधत राहिली. भांडी घासताना मध्येच थांबायची, मग मान हलवून परत घासायला लागायची. टेपदादाने तिच्या समाधानासाठी तो प्रसंग दोन्ही प्रकारे टेपवर घेतला, तूवाला आणि अहोवाला. दाखवला गेला तो अहोवाला. दुसरी टेप पुढच्या कुठल्या तरी कामासाठी पुसून वापरली, तशी पद्धतच होती. मी मात्र पुढचे कितीतरी दिवस स्टुडिओत तिला घ्यायला गेलो की लोक माझ्याकडे बघून गालात हसायचे. घरी अरे ऐकणारा माणूस म्हणून.

गेल्या महिन्यात टेपदादाचा फोन आला. स्टुडिओ आता त्याचाच आहे. म्हणाला, वल्हेवाली परत येतेय, मोबाइलवर. भावोजी, एकदा येऊन जा.

स्टुडिओ बदललाय. भिंतींवरच्या गाद्या गेल्या, आता काळ्या फोमचे चौकोन आहेत. काच तीच. टेपदादाने चहा मागवला आणि सरळ मुद्द्यावर आला. कंपनीकडे दोन रस्ते आहेत. एक, जुना आवाज साफ करून तसाच लावायचा. तो शाबूत आहे, पहिल्या भागापासून शेवटच्यापर्यंत. पण मग गुरुजींचं सगळं तसंच राहणार. दुसरा, नव्याने लिहून नव्या लोकांकडून करून घ्यायचं. वल्हेवालीसाठी एक मुलगी बघितली आहे, ती जपानी शिकलेली आहे. तिने मूळ ऐकून सांगितलं की मुळात वल्हेवाली त्याच्याशी शेवटपर्यंत बरोबरीने बोलते, एकदाही झुकत नाही. तसंच लिहायचं म्हणतात. कंपनीने टेपदादावर सोडलं होतं. टेपदादा म्हणाला, "मी तुमच्यावर सोडतो. ताईचा आवाज आहे, मी कोण ठरवणार?"

मी विचारलं, सुरुवातीचे भाग तिचे आणि पुढचे या मुलीचे असं नाही का करता येणार? तो म्हणाला, एका माणसाला दोन आवाज चालत नाहीत, पोरं लगेच ओळखतात. मग मी विचारलं की सुरुवातीच्या भागांमधलं तिचं "तू" कापून पुढे जोडलं तर? त्याने ते आधीच करून पाहिलं होतं. "तू" सापडतं हो, तो म्हणाला, पण आपल्या भाषेत नुसता तेवढा शब्द नसतो. उठा म्हटलेलं ऊठ करायचं, आलात म्हटलेलं आलास करायचं, वाक्यच्या वाक्य फिरतं. हल्ली कॉम्प्युटरवर गेलेल्या माणसाचा आवाज तयार करतात, तेही करता येईल, ती कधी न बोललेलं तिच्या आवाजात वदवून घेता येईल. मी म्हटलं, ते नको. तिला न पटलेलं तिच्या तोंडी घालायचं काम गुरुजींनी एकदा केलं. आता पटलेलं का असेना, तिला न विचारता नको.

म्हणजे दोनच उरले. तिचा आवाज राहणार आणि शब्द तिला नको असलेले. किंवा शब्द तिचे आणि आवाज दुसरीचा.

ठकीला फोन केला. ती दूर राहते, नोकरी करते, तिला ऐन कामाच्या वेळी फोन केला म्हणून आधी घाबरलीच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, मला आई अहो म्हणताना चालेल. मला आई कशीही चालेल." मग म्हणाली की जुनं ठेवायला सांगा, त्यात एवढा विचार काय करायचा.

मी टेपदादाला तसं सांगणारही होतो. पण आधी तो भाग ऐकवायला सांगितला. इतक्या वर्षांत मी तो मुद्दाम टाळला होता.

त्याने लावला. आधी नदीतली मारामारी. कपाट ढकलतानाचा तो आवाज आला आणि मी हसलो, टेपदादाही हसला. तिथे ती होती, अगदी समोर, पदर खोचलेली. मग काटेरी पडला. वल्हेवाली पाठमोरी झाली. "अहो, उठा हो."

मी परत लावायला सांगितलं. आवाज तिचाच. स्वच्छ, गोड, कुठे अडखळणं नाही. आणि मला कळेना की हा मी कुठे ऐकलाय, कारण घरी तर कधीच नाही. तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं. हा टेलिफोन ऑफिसचा आवाज. "कृपया थांबा, आपण रांगेत आहात" म्हणायचा. दिवसभर अनोळखी माणसांशी बोलायला तिने तो बनवला होता आणि पाच वाजता पर्समध्ये टाकून घरी यायची. गुरुजींशी भांडून उपयोग झाला नाही तेव्हा तिने तोच काढून दिला. तिथून पुढचे सगळे भाग तिने चौकशीच्या खिडकीमागे बसून केले होते, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

टेपदादा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, त्या मुलीला करू दे.

तो म्हणाला, चित्र तेच राहणार हं भावोजी. ती काठावरच उभी राहणार, सदराही फाटणार. मी म्हटलं, ते जपान्यांच्या हातात. काठावर उभी राहून ती काय म्हणते, ते तरी आपल्या हातात आहे. जुनं सगळं ठकीसाठी वेगळं काढून द्या म्हणून सांगितलं. ठकीला परत फोन केला. ती आधी रागावली. मग मी तिला टेलिफोनच्या आवाजाचं सांगितलं, तेव्हा ठीक आहे म्हणाली. तिच्या नाकातून सर्दी झाल्यासारखा आवाज येत होता.

काल त्या प्रसंगाचं काम होतं. टेपदादाने मला बोलावलं.

नवी मुलगी ठकीहून लहान आहे. पायात कॅनव्हासचे बूट, बोलायला चुणचुणीत. मी आल्यावर वाकून नमस्कार केला आणि लगेच म्हणाली, काका, मी काकूंमुळे जपानी शिकले, त्यामुळे माझं करिअर बुडालं तर तुमच्याकडे राहायला येणार. मला ती आवडली. मारताना सोडायचा श्वास तिने छान काढला. कपाटाच्या जवळपास जाणारा.

मग ते वाक्य आलं. "ऊठ. तुला हरवायचं तर मी हरवेन, त्याने नाही." ती म्हणाली तेव्हा काचेपलीकडचे सगळे खूश झाले. आवाज नुसता पेटला होता. ती मात्र खूश नव्हती. तिने परत केलं, आणखी जोरात. मग कानावरचे हेडफोन खाली ओढून काचेतून मला विचारलं, "काका, काकू कशा म्हणायच्या?"

मी माइकमध्ये सांगितलं की लोकांसमोर ती मला अहो म्हणायची.

"आणि घरी?"

टेपदादा एकदम बटणांकडे बघायला लागला. मी उठून आत गेलो, त्या फोमच्या खोलीत. दार लावलं की तिथे स्वतःचा श्वास ऐकू येतो. तिच्या मागे भिंतीशी एक लाकडी खुर्ची होती, तिच्यावर बसलो आणि तिला सांगितलं. मी कामावरून यायचो तेव्हा हात ग्रीसने काळे झालेले असायचे. आलो की तसाच बसायचो, कधी लिफ्टच्या खड्ड्यात दिवस गेलेला असायचा आणि पुन्हा उठायचं त्राण नसायचं. ती स्वयंपाकघरातून यायची. जवळ यायची नाही, दारातच उभी राहायची. ओरडायची नाही, गोंजारायचीही नाही.

"काय म्हणायच्या?"

ते मी आजवर कुणासमोर बोललो नव्हतो. तिने चारचौघांत राखलेलं मी चारचौघांत कसं काढू, असं वाटलं. मग वाटलं, ही ते घेऊन जाईल, तर जाऊ दे. मी म्हटलं, "ऊठ रे. झालं बसून."

मी तिला सांगितलं की यात जोर नाही. समोरचा उठणार आहे हे बोलणाऱ्याला माहीत आहे, एवढंच आहे.

तिने हेडफोन लावले. मान खाली घातली. टेपदादाने चित्र सुरू केलं. पडद्यावर काटेरी नदीकाठच्या चिखलात तोंड खुपसून पडला होता. वल्हेवाली त्याच्यापासून चार पावलांवर थांबली. तिचं तोंड एकदा उघडलं.

"ऊठ," मुलगी म्हणाली.

आणि मी उठलो. खुर्ची फरशीवर करकरली.

चित्र थांबलं. काचेपलीकडून टेपदादाचा आवाज आला.

"भावोजी, खुर्ची वाजली. परत घ्यावं लागेल."

मी म्हटलं, घ्या की.